नमुना नोंदलेला नाही

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

एका ओळीचं उत्तर मागितलं होतं, एका ओळीचं दिलं. "लॉग तपासले. सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही." अकरा मिनिटांत काम संपलं. त्यातली चार चहाची.

प्रकरण नौपाड्याच्या पॅथॉलॉजी लॅबचं. त्यांचं सॉफ्टवेअर आमचं आहे. शहाड, कल्याण, अंबरनाथ अशी त्यांची रक्त घ्यायची सेंटर्स आहेत. तिथे नळीवर बारकोडचं लेबल लावतात, ते स्कॅन करून पेशंटची नोंद करतात, आणि नळ्या गाडीने नौपाड्याला पाठवतात. नौपाड्यात पुन्हा स्कॅन केलं की ती नोंद उघडते. सहा आठवड्यांत शहाडच्या तेवीस नळ्यांची नोंद उघडली नाही. स्क्रीनवर आलं – "नमुना नोंदलेला नाही. नवीन नमुना मागवा." मागवले. तेवीस वेळा परत सुया. धोंडीबा नावाच्या एका आजोबांना तीनदा. त्यांच्या मुलाने सेंटरवर येऊन आरडाओरडा केला.

लॅबचा कारभार कुंडलिक सर बघतात. त्यांचा निष्कर्ष सरळ – शहाडची टेक्निशियन लेबलं चिकटवते, नोंद करत नाही. शकू नाव तिचं. अकरा वर्षांची नोकरी. तिला घरी बसवलंय. वीस तारखेला चौकशी आहे. आमच्याकडून फक्त लेखी हवं होतं की मशीन बरोबर आहे.

दिलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कुंडलिक सरांचा आभाराचा मेल. "अपेक्षितच होतं." पुढे – तिला ३१ ऑक्टोबरला घरी बसवल्यापासून एकही तक्रार नाही. शून्य.

मग झालंच तर.

पण एक गोष्ट खटकतेय. तेवीसच्या तेवीस वेळा लॉगमध्ये – सॉफ्टवेअर स्वतःची नोंद ठेवतं त्यात – कोडच्या ओळीचा क्रमांक एकच. २१४. नोंद खरंच नसेल तर तक्रार जिथे नोंद शोधली जाते तिथून यायला हवी. या सगळ्या एकाच दारातून बाहेर पडतायत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फाईल उघडली. ओळ २१४. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव – क्षिप्रा. मीच. १५ सप्टेंबर २०२३, संध्याकाळी ६:४०.

गणपतीच्या आधीचा शुक्रवार. आईबरोबर मखराचं सामान आणायला जायचं होतं, म्हणून सातच्या आत निघायचं होतं. हे आठवतंय. कोड लिहिल्याचं आठवत नाही.

काय लिहिलंय ते इथे सरळ मांडून ठेवते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. नोंद उघडताना काहीही बिघडलं की एक्सेप्शन येतं – काय बिघडलं ते सांगणारा आतला निरोप. माझा कोड ते पकडतो, आणि त्याच्या जागी नवीन फेकतो – सभ्य, मराठी. कुंडलिक सरांनीच सांगितलं होतं, "आमच्या लोकांना ते इंग्रजी लाल-लाल काही दाखवू नका. काय करायचं तेवढं सांगा." असं गुंडाळण्यात गैर काही नाही. पद्धतच आहे. फक्त नव्या एक्सेप्शनच्या पोटात मूळचं ठेवून द्यायचं असतं. वरचं वाक्य वापरणाऱ्यासाठी, आतलं आपल्यासाठी. कंसात एक शब्द वाढवायचा. एक!

मी तो लिहिलेला नाही.

म्हणजे नोंद नसो, डिस्क भरो, कनेक्शन तुटो – माझा कोड एकच वाक्य म्हणतो. नमुना नोंदलेला नाही. आणि खरं कारण तिथल्या तिथे टाकून देतो. कुठेच ठेवत नाही. ते तेवीस वेळा काय झालं होतं, हे आता कोणालाच कळणार नाही. लॉगलाही नाही.

खाली माझ्या सहकाऱ्याची, नीलची, त्या वेळची टिप्पणी अजून आहे. "मूळ एक्सेप्शन आत पाठव ना. नाहीतर कारण कधीच कळणार नाही." माझं उत्तर – "पुढच्या रिलीजला करते."

त्यानंतर एकोणीस रिलीज झाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आई: "काय झालं?" मी: "काही नाही. कामाचं." आई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालीय. म्हणाली, "तुझ्या 'काही नाही'चे प्रकार किती आहेत, एकदा यादी दे."

८ नोव्हेंबर, शनिवार

शकूचा नंबर सेंटरच्या यादीत होता. फोन केला. म्हणाली, "या की. मी घरीच हाय. तुमीच बसवलंय."

शहाड स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. घर म्हणजे तीन मजली इमारत. खाली भाडेकरू, वर ही माणसं. इथे पूर्वी त्यांची शेती होती. अंगणात तिचे सासरे, पंढरी, खुर्चीवर बसलेले. मला खालपासून वरपर्यंत बघून आत ओरडले, "शकू, कंप्युटरवाली आलीय गं! सामान मोजून ठेव!"

शकू अडतीस-चाळीसची. चहा न विचारता आणला. मी म्हटलं, नोकरीचं नुकसान होऊ नये म्हणून मला नीट बघायचंय. ती हसली.

"पैशाचं नाय मॅडम. चाळीचं भाडं येतं आमचं. पन उद्या गावात सुई टोचायला हात कोन देल मला? अकरा वर्सं झाली. पोरं रडत नायत माझ्याकडं. आता म्हनतात, हिच्याकडं नको, ही दोनदा टोचते."

मी विचारलं, नोंदी केल्या होत्या का.

"केल्या. पन तुमचं मशीन बोलतं नाय केल्या. मंग मीच रात्री आडवी पडून इचार करते, खरंच केल्या ना मी? मशीन कशाला खोटं बोलेल?"

सांगायला हवं होतं तेव्हाच.

मग ती म्हणाली, "कल्याणच्या सेंटरला विश्राम होता ना, त्याचं पन असंच झालेलं. पन तो खरंच विसरायचा. त्यानं सोताच कबूल केलेलं." आणि उठून आतून एक वही घेऊन आली. दोनशे पानी, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली. "ही कुंडलिक सरांना दाखवू नका. ते बोललेत, कागद बंद, सगलं कंप्युटरवर. पन मला सवय हाय."

लेबलं जोडीने येतात. एक नळीला लागतं, एक उरतं. ते उरलेलं टाकून द्यायचं असतं. शकू टाकत नाही. वहीत चिकटवते. शेजारी वेळ. आणि त्याच्या शेजारी, निळ्या पेनने, पाच आकडी नोंदणी क्रमांक – जो नोंद पक्की झाल्यावरच स्क्रीनवर येतो. तो कोणाला मनाने लिहिता येत नाही.

मी वही मांडीवर घेतली. तिला विचारून पानांचे फोटो काढले.

मग सांगितलं. ते वाक्य मी लिहिलंय. आतलं कारण फेकून त्याच्यावर माझं चिकटवलंय. मला वाटलं तिला समजणार नाही, म्हणून दोनदा सांगायला लागले. तिने थांबवलं.

"समजलं. जुन्या लेबलवर नवीन लेबल लावलंत."

"हो."

"आमाला पयल्या दिवशी शिकवतात, मॅडम. लेबल चुकलं तर नवीन शेजारी लावायचं. वर नाय. जुनं वाचता आलं पायजे. वर लावलं तर नोकरी जाते."

पंढरी खालून ओरडले, "मोजलं काय सामान?"

शकू म्हणाली, "बाबा, गप बसा. मॅडम रडायला आल्यात." मी अजिबात रडत नव्हते.

१० नोव्हेंबर, सोमवार

नीलला दाखवलं. माझ्या शेजारी बसतो, सगळ्यावर विनोद करतो. "पुरातत्त्व खात्यात बदली झाली का मॅडमची?" मग ओळ २१४ वाचली. मग स्वतःची टिप्पणी. विनोद संपला.

म्हणाला, "मी जोर करायला हवा होता." मी म्हटलं, नको. हे माझं आहे.

एक शब्द वाढवला. आता मूळ एक्सेप्शन आत जातं. लॅबच्या सर्व्हरवर चढवलं; स्क्रीनवरचं वाक्य तूर्त तेच. कोड बदलायला चार मिनिटं लागली. दोन वर्षं आणि चार मिनिटं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवा नमुना नोंदवला की जुनी नोंद पुसून त्या जागी तो बसतो – हे टेबल माझ्या आधीपासून तसंच आहे. त्यामुळे त्या तेवीस मूळ नोंदी डेटाबेसमध्ये नाहीत. पण क्रमांक परत वापरले जात नाहीत. म्हणजे शहाडच्या क्रमांकांच्या मालिकेत भोकं असणार.

आहेत. एकेक भोक घेतलं आणि वहीच्या फोटोंशी ताडलं. पहिलं जुळलं. दुसरं. सातवं. बाराव्याला मी उठून पाणी पिऊन आले.

बावीस जुळली. तेवीसाव्या नळीचं लेबल वहीत आहे, शेजारी क्रमांक नाही. ३ ऑक्टोबर.

शकूला फोन. मी म्हटलं, एक सापडत नाही. तिकडे पानं उलटल्याचा आवाज. मग – "तो माझा. त्या दिवशी सकाळी लाईट गेलेली, नंतर नोंदवू म्हटलं, राहिलं. तवाच नौपाड्याला फोन केलेला मी, की हा राहिलाय."

मला ते ऐकायचं नव्हतं. बावीस आणि एक यापेक्षा तेवीस आणि शून्य किती सोपं झालं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भोकं जुळली म्हणजे नोंदी झाल्या होत्या, एवढंच. मग उघडल्या का नाहीत? आणि शकू गेल्यावर तक्रारी का थांबल्या? कुंडलिक सर हेच विचारणार. "ती गेली आणि बंद झालं. अजून काय पुरावा पाहिजे?"

काय बदललं तिच्या जाण्याने? दुपारी तिच्या जागी आलेल्या कृतिकाला फोन केला. टिटवाळ्याहून येते. सेंटर साडेसातला उघडते. "शकूताई साडेसहाला उघडायच्या. मला नाही जमत."

म्हणजे शहाडची गाडी आता तासभर उशिरा पोचते. आधी सव्वाआठला पोचायची. सगळ्या सेंटर्सच्या आधी.

सव्वाआठला नौपाड्यात काय होतं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पावणेआठला नौपाड्याच्या लॅबमध्ये. स्कॅनवर सरोजताई बसतात. वीस वर्षांचा अनुभव, चष्मा साखळीला. मी म्हटलं, कालच्या शहाडच्या नळ्या परत स्कॅन करून बघू. काल सगळ्या उघडल्या होत्या, त्यामुळे नोंदी आहेत हे नक्की.

७:५८ – उघडली.
८:०३ – उघडली.
८:०९ – नमुना नोंदलेला नाही.

माझंच वाक्य. स्क्रीनवर पहिल्यांदाच बघितलं. अक्षरं मोठी, शांत. कोणीही विश्वास ठेवेल.

फोनवर नील माजिवड्याच्या ऑफिसात लॉग उघडून बसला होता. त्याने वाचायला सुरुवात केली, एकेक थर. "नमुना नोंदलेला नाही. कारण – नोंद वाचता आली नाही. कारण – डेटाबेसचं कनेक्शन तीस सेकंदांत मिळालं नाही." मग ओरडला, "अगं, बोलायला लागलं हे!"

सगळ्यात आत हे होतं. रोज सकाळी आमचं सॉफ्टवेअर आदल्या दिवसाचे रिपोर्ट पेशंटना पाठवतं. अर्धा तास ते बहुतेक कनेक्शन्स अडवून बसतं, मध्येच कधी सगळीच. आधी सहाला चालायचं. लोकांनी तक्रार केली की पहाटे मेसेज येतात, म्हणून कुंडलिक सरांनी वेळ आठ करायला सांगितली. २२ सप्टेंबरपासून आठ. त्याच आठवड्यात शकूच्या नळ्या "नोंदलेल्या नाहीत" व्हायला लागल्या. कारण त्या वेळेवर यायच्या. रोजच्या पाच-पन्नास नळ्यांतली एखादीच अडकायची, म्हणून तर निष्काळजीपणा वाटला.

८:३४ – उघडली. तीच नळी.

मी सरोजताईंना विचारलं, अर्ध्या तासाने परत स्कॅन करून कधी बघितलं नाही का? त्यांनी चष्मा काढला. "कशाला बघू? तिथे लिहिलंय नवीन मागवा. मी मागवते. थांबा असं कुठे लिहिलंय?"

नाही लिहिलेलं.

नीलने सेटिंगचा इतिहास उघडला. मग – "आठची वेळ मी सेट केली होती." मी म्हटलं, माहितीय. तो म्हणाला, "अर्धं-अर्धं करू." मी म्हटलं, तुझं लॉगमध्ये सापडलं. माझ्यामुळे सापडत नव्हतं. त्यात फरक आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर झोपले. आईने विचारलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, "यादीतला हा नवीन प्रकार दिसतो."

१७ नोव्हेंबर, सोमवार

अहवाल लिहिला. चार पानं. बावीस क्रमांकांचा तक्ता (वही दाखवायला शकू आता हो म्हणाली), तेवीसावा वेगळा, ओळ २१४, कोणी लिहिली, कधी, आतलं कारण कसं गेलं. चार तारखेचा माझा मेल चुकीचा होता, हेही.

हेमांगी आमची मॅनेजर. तिने दोनदा वाचला. दार लावलं.

"इतक्या आत कशाला नेतेस त्यांना? मार्चमध्ये त्यांच्या कराराचं नूतनीकरण आहे. 'नेटवर्कच्या अधूनमधूनच्या अडचणीमुळे' – एवढं पुरे. त्या बाईची सुटका होतेय ना?"

"नेटवर्क नव्हतं."

"क्षिप्रा, तुला कळतंय का? चार तारखेला तूच लेखी दिलंयस की दोष नाही. आता हे दिलंस तर पहिला प्रश्न तुला."

"बघते," मी म्हटलं. माझं हे 'बघते' पण त्या यादीतलंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हेमांगीने सुधारित अहवाल पाठवला. चार पानांचा झाला एक परिच्छेद. नीटनेटका, सभ्य मराठी. कोणाचं नाव नाही, ओळ नाही, तारीख नाही. वाचून कोणाला काहीही कळणार नाही, पण काळजी वाटणार नाही.

ओळखीची शैली. तिनेही पकडलं आणि नवीन फेकलं.

त्यात एक धोका आहे. "अधूनमधून अडचण" म्हटलं की कुंडलिक सर म्हणणार – म्हणजे काही नळ्या नेटवर्कने, काही तिच्यामुळे. किती कोणाच्या, सांगता येत नाही. आणि शकू तशीच राहणार, अर्धी सुटलेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अकरा वाजता, नौपाडा. हेमांगीचा परिच्छेद वर ठेवला. खाली माझी चार पानं. स्टेपल करून दिलं. हेमांगीला सकाळीच मेल केला होता की असं करतेय. उत्तर आलं नाही. नको म्हणाली नाही, याचा मी सोयीचा अर्थ घेतला.

कुंडलिक सर, त्यांच्यासोबत एक वकील, शकू. शकूने इस्त्रीची साडी नेसली होती, मांडीवर ती पिशवी. सरांनी परिच्छेद वाचला, मान हलवली, बाजूला ठेवणार होते. मी म्हटलं, "मागे अजून आहे."

वाचायला त्यांना दहा मिनिटं लागली. शकू पंख्याकडे बघत होती.

"हे चार तारखेला का नाही सांगितलंत?"

"कारण मी फक्त वरचं वाक्य वाचलं. ते माझंच होतं, म्हणून मला खरं वाटलं."

वकील काहीतरी लिहीत होते, थांबले.

मग सर तेवीसाव्यावर आले. येणारच होते. "म्हणजे एक तरी चुकलाच ना? निष्काळजीपणा आहेच."

माझ्या आधी शकू बोलली. "एक चुकला, सर. तीन तारखेला. मीच फोन केलेला तुमाला, साडेनऊला, की हा राहिलाय. तुमी बोललात, ठीक हाय शकू, होतं कधीतरी. बाकी बावीस वेळा मी फोन नाय केला, कारण राहिलेच नव्हते."

सरांनी फोन काढला. ३ ऑक्टोबर. स्क्रोल करत राहिले. आम्ही सगळे त्या अंगठ्याकडे बघत होतो. ९:३१. शहाड सेंटर. चार मिनिटं.

तो तेवीसावा मी अहवालात ठेवला नसता तर? बाकीच्या बाविसांवर त्यांनी विश्वास ठेवला तो या एकामुळे. मला तेव्हा ते कळलं नव्हतं. मी फक्त मोजणी बरोबर लिहिली होती.

सोमवारपासून परत ये म्हणाले. वहीबद्दल काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर शकू म्हणाली, "चहा घ्या मॅडम. आज माझ्यातर्फे." मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. टपरीवर उभं राहून प्यायलो. पैसे तिनेच दिले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हेमांगी बोलत नाही. एक डिसेंबरपासून या लॅबच्या कामावर मी नाही. कारण लिहिलंय – "कामाचं पुनर्वाटप."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ६:३१ ला मेसेज. सेंटरच्या दाराचा फोटो. खाली – "उगडलं."

आज दिवसभर बरं वाटलं. मग दुपारी, काम संपवून द्यायचं म्हणून, ओळ २१४ जुन्या सगळ्या लॉगमध्ये शोधली. शहाड नाही, सगळी सेंटर्स. सप्टेंबर २०२३ पासून.

तीनशे अठ्ठेचाळीस.

एकेक विखुरलेली आहेत. कुठे दोन, कुठे पाच. पण एका ठिकाणी गठ्ठा. कल्याण सेंटर, फेब्रुवारी-मार्च २०२४. चौदा.

शकू काय म्हणाली होती त्या दिवशी? "तो खरंच विसरायचा." आणि मी चहा पीत होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शकूला विचारलं. विश्रामला मार्च २०२४ मध्ये काढलं. चौकशी झालीच नाही. "गरज नाय पडली. त्यानं माफीचं पत्र दिलं."

त्याची वही नाही. कल्याणच्या मालिकेत भोकं आहेत, पण शेकडो. रद्द झालेल्या नोंदींचीही असतात. कोणतं कशाचं, सांगता येत नाही. तेव्हा काय बिघडलं होतं, माहीत नाही. कदाचित तो खरंच विसरला असेल. कदाचित चौदापैकी एकही नाही. मी ते शोधू शकत नाही. कोणीच नाही. मी ते ठेवलंच नव्हतं.

आईला सगळं सांगितलं आज. पहिल्यापासून, ओळ २१४ पासून. तिने शेवटी विचारलं, "पत्ता आहे का त्याचा?"

३० नोव्हेंबर, रविवार

विश्रामकडे गेले. कल्याण पश्चिम, दुसरा मजला. वय त्रेचाळीस. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या – गॅस. नळ. चावी. सुबक अक्षर. "चौदा नळ्या विसरलो, तेव्हा कळलं मला, आठवण दगा देतेय," तो म्हणाला. "डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण सावध राहिलेलं बरं." पुन्हा नोकरी धरली नाही. मुलीला शाळेतून आणायला जात नाही. स्कूटर विकली.

मी सांगितलं. ते वाक्य माझं होतं. काहीही बिघडलं तरी तेच यायचं. तुम्ही विसरलात की नाही, हे त्यावरून ठरत नाही. कधीच ठरत नव्हतं.

त्याने दारावरच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून माझ्यासमोर धरलं.

"एवढं लिहून द्या, मॅडम. मी विसरेन."